राक्षस कुणाच्या घरात राहतो?

दादी-नानीने सांगितलेल्या गोष्टी जरा आठवून पाहा. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परत येणारी म्हातारी आपण सगळ्यांनी हसत हसत ऐकली. पण त्या गोष्टीत वाटेवरची जनावरे तिला खायलाच टपलेली असतात. राक्षसाचा जीव पिंजऱ्यातल्या पोपटात असतो आणि शेवटी त्या पोपटाची मान मुरगळली जाते. सावत्र आई पोरांना रानात सोडून येते. बादशहा रोज एका मुलीशी लग्न करतो आणि सकाळी तिला मारून टाकतो. नीट पाहिले तर या गोष्टींत भूक, फसवणूक, कोंडून ठेवणे, जीव घेणे, सारे काही आहे. दिवा मालवल्यावर गोधडीत शिरून आपण ते ऐकले आणि मोठे झालो.

पालकसभेला येणाऱ्या माता आम्हाला बरेचदा विचारतात, की असल्या भीतिदायक गोष्टी मुलांना सांगाव्यात की नाही? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आम्ही शेवटी देणार आहोत. पण त्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा, असे आम्हाला वाटते. गोष्टीतला अंधार कुणाच्या माथी मारला आहे? राक्षस कोण ठरतो, आणि ते कुणी ठरवले? गेल्या काही दशकांत अनेक लेखकांनी या जुन्या, काळ्या लोककथा मोठ्यांसाठी लघुकथेच्या रूपात पुन्हा लिहिल्या. त्यांतल्या चांगल्या कथा वाचल्या की हाच प्रश्न समोर येतो.

निळ्या दाढीचा नवरा

फ्रान्समधील शार्ल पेरो या लेखकाने १६९७ साली पॅरिसमध्ये लोककथांचे एक छोटे पुस्तक छापले. सिंड्रेला आणि लाल टोपडेवाली मुलगी त्यातच आहेत. त्याच पुस्तकात निळ्या दाढीच्या एका श्रीमंत माणसाची गोष्ट आहे. त्याची आधी अनेक लग्ने झालेली असतात आणि त्या बायकांचे पुढे काय झाले हे कुणालाच ठाऊक नसते. शेजारची एक मुलगी त्याच्या थाटामाटाला भुलून लग्नाला तयार होते. महिन्याभरात तो प्रवासाला निघतो. जाताना घरातल्या सगळ्या किल्ल्या तिच्या हाती देतो आणि बजावतो, की एवढी एक छोटी खोली मात्र उघडायची नाही.

ती खोली उघडते. आत आधीच्या बायकांची प्रेते असतात. घाबरून तिच्या हातून किल्ली खाली पडते आणि तिला रक्ताचा डाग लागतो. वाळूने घासला तरी तो डाग जात नाही. नवरा अचानक परत येतो, किल्ली पाहतो आणि तलवार उपसतो. मरण्यापूर्वी दुआ मागायला थोडा वेळ द्या, अशी ती विनवणी करते. तेवढ्या वेळात बहीण बुरुजावरून वाट पाहत राहते. शेवटी दोन भाऊ घोडे फेकत येतात आणि नवऱ्याला ठार करतात.

गोष्ट इथे संपते आणि तिच्याखाली पेरोने तात्पर्य जोडले आहे. बायकांचे कुतूहल वाईट, त्याची किंमत मोजावी लागते, अशा अर्थाचे ते आहे. आता वाचकांनीच विचार करावा. खोलीत खून झालेल्या बायका आहेत, खून करणारा समोर उभा आहे, आणि धडा दिला जातो तो दार उघडणाऱ्या मुलीला! पेरोने दुसरेही एक तात्पर्य जोडले आहे. त्याचा भाव असा, की ही फार जुनी गोष्ट आहे, हल्लीचे नवरे काही इतके भयंकर राहिलेले नाहीत. म्हणजे नवऱ्याचा दोष काळाच्या पोटात ढकलला आणि बायकोचा तेवढा कायम ठेवला.

राक्षसाला पगडी कशी चढली?

आता या गोष्टीचा पुढचा प्रवास पाहा. तो आपल्याला जास्त जवळचा आहे.

पेरोचे पुस्तक निघाल्यावर सात वर्षांनी, १७०४ मध्ये, पॅरिसमध्येच आंत्वान गालाँ याने अलिफ लैलाचे फ्रेंच भाषांतर छापायला सुरुवात केली. १७१७ पर्यंत त्याचे १२ भाग निघाले आणि ते युरोपभर वाचले गेले. त्यातही बायकांना मारणारा नवरा आहेच, बादशहा शहरयार. पण तिथे वजीराची मुलगी शहरजाद रोज रात्री गोष्ट अर्धवट ठेवून स्वतःचा आणि राज्यातल्या इतर मुलींचा जीव वाचवते. युरोपातल्या कलावंतांना मात्र त्यातला शाही थाट, महाल आणि पगड्याच अधिक भावल्या.

मग १७९८ साली लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात निळ्या दाढीचे संगीत नाटक आले. जॉर्ज कोलमन यांनी लिहिलेल्या या नाटकात फ्रान्सचा तो धनिक चक्क तुर्कस्तानातला पाशा झाला. त्याला अबोमलिक असे कुठल्याही भाषेत न बसणारे नाव मिळाले आणि बायको झाली फातिमा. नाटकाच्या नावातच 'स्त्रीचे कुतूहल' हे शब्द होते. नाटक फार गाजले. पुढे चित्रकारांनीही पुस्तकांतून निळ्या दाढीला पगडी आणि झगा चढवला. १९१० मधली एडमंड ड्यूलॅक यांची सुंदर चित्रे पाहिली, तर ही गोष्ट मुळात पूर्वेकडचीच असावी असे कुणालाही वाटेल.

म्हणजे काय झाले? मूळ फ्रेंच गोष्टीत खुनी नवरा आपल्याच गल्लीत, आपल्याच शेजारात राहत होता. ते फार टोचणारे होते. म्हणून शंभर वर्षांत त्याचा पत्ता बदलला. तो दूरच्या, वेगळ्या धर्माच्या आणि वेगळ्या पोशाखाच्या लोकांत राहायला गेला. प्रेक्षक निर्धास्त झाले. आपल्याकडे असे काही होत नाही, ते तिकडे होते, असे म्हणत टाळ्या वाजवून ते घरी गेले.

पडद्यावर आणि पुस्तकांत खलनायकाला सवयीने कुठली टोपी घातली जाते, हे आपल्या घरांतल्या मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. पण ही सवय फक्त दुसऱ्यांना आहे असे समजून आपणही निर्धास्त होऊ नये. राक्षस शेजाऱ्याच्या घरात ठेवायची खोड सगळ्यांनाच आहे. आपण गोष्ट सांगताना वाईट माणूस काळा करतो, कुबडा करतो, परजातीचा करतो. मुले ऐकत असतात आणि लक्षातही ठेवत असतात.

फोनवर रडलेली लेक

१९७९ साली अँजेला कार्टर या इंग्रज लेखिकेचा 'द ब्लडी चेंबर' हा दहा कथांचा संग्रह आला. जुन्या लोककथांच्या पोटात दडलेले बाहेर काढायचे, असे तिने ठरवले होते. संग्रहातली पहिली कथा निळ्या दाढीचीच आहे. कार्टरने त्याला पुन्हा फ्रान्समध्ये आणले. इथे तो समुद्राच्या भरतीत वेढल्या जाणाऱ्या किल्ल्यात राहणारा एक मार्की, म्हणजे सरदार आहे. सुसंस्कृत आहे, पुस्तके आणि संगीत यांचा शौकीन आहे. राक्षसाची पगडी उतरली आणि तो आपल्या मूळ पत्त्यावर परत आला.

या कथेत गोष्ट सांगते ती मुलगीच. ती सतरा वर्षांची आहे, पियानो वाजवते, गरीब विधवा आईची एकुलती एक लेक आहे. किल्ल्या, बंद खोली आणि डाग सारे जुन्यासारखेच घडते. बदलतो तो शेवट. भाऊ येत नाहीत, आई येते. मृत नवऱ्याचे पिस्तूल घेऊन, घोड्यावर बसून, भरतीच्या पाण्यातून ती येते आणि जावयाला गोळी घालते.

आईला कळले कसे? सासरी पोहोचल्यावर लेकीने फोन केला होता. किल्ल्यात न्हाणीघराचे नळसुद्धा सोन्याचे आहेत, हे सांगताना तिला रडू कोसळले होते. बाकी काही ती बोलली नव्हती. सोन्याच्या नळांपायी कुणी रडत नाही, एवढे आईला समजले आणि ती निघाली.

आम्हाला ही कथा वाचताना त्या फोनपाशी थांबावे लागले. आमच्या शाळेतून दहावी-बारावी होऊन गेलेल्या कितीतरी मुलींचे निकाह झाले. कधी बाजारात भेटतात, कधी फोन करतात. घर मोठे आहे, गाडी आहे, सगळे छान आहे असे सांगतात आणि मध्येच आवाज जड होतो. अशा वेळी आपण मोठी माणसे काय करतो? सब्र कर, होईल सगळे ठीक, घरोघरी मातीच्या चुली, असे सांगून फोन ठेवतो. सब्र ही मोठी गोष्ट आहे यात शंका नाही. पण सब्र कुठे सांगायचा आणि उठून केव्हा निघायचे, यातला फरक घरच्यांना कळायला हवा. कार्टरच्या कथेत सगळा दोष मारणाऱ्याचा आहे. दार उघडणारी मुलगी गुन्हेगार ठरत नाही आणि तिची आई तिला, तू खोली उघडलीसच कशाला, असे विचारत बसत नाही.

कथेत मोठ्यांसाठीचा मजकूर बराच आहे, म्हणून ती मुलांच्या हाती द्यावी असे आम्ही म्हणणार नाही. पण लेकी असलेल्या आईबापांनी ती जरूर वाचावी.

सावत्र आई आली कुठून?

निळ्या दाढीला जसा तुर्की पोशाख मिळाला, तशीच आणखी एक अदलाबदल आपल्या रोजच्या ओळखीची आहे. जर्मनीच्या ग्रिम बंधूंनी लोककथांचा पहिला खंड १८१२ मध्ये काढला. त्यात हिमगौरीला मारायला निघालेली राणी ही तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेल यांना उपासमारीच्या दिवसांत रानात सोडायला लावणारी बाईही आधी आईच होती. १८४० च्या आवृत्तीपासून तिला सावत्र आई केले गेले. सख्खी आई असे वागते हे त्या काळच्या कुटुंबांना सोसणारे नव्हते, म्हणून दोष बाहेरून घरात आलेल्या बाईवर टाकला. गोष्टीतली क्रूरता मात्र काढली नाही. शेवटी त्या राणीला तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचायला लावतात, ते तसेच राहिले.

आमच्या वर्गात अशी मुले असतात, ज्यांची आई वारलेली आहे किंवा आईबाप वेगळे झालेले आहेत आणि वडिलांनी दुसरा निकाह केलेला आहे. हिमगौरीची गोष्ट झाल्यावर एकदा एका मुलीने विचारले, "नवी अम्मी मला रोज डबा करून देते, मग गोष्टीत ती नेहमी वाईटच का असते?" हा प्रश्न मोठमोठ्या अभ्यासकांना शोभेल असा होता. आम्ही तिला ग्रिम बंधूंनी केलेला बदल सांगितला. ती म्हणाली, "म्हणजे लिहिणाऱ्याने नाव बदलले." होय, इतकेच झाले होते. पण त्या एका शब्दाने दोनशे वर्षे कितीतरी घरांत संशय पेरला.

इंग्रज लेखक नील गेमन यांनी १९९४ मध्ये हीच हिमगौरी एका लघुकथेत उलटी करून सांगितली. तिथे सावत्र आई स्वतः बोलते. तिच्या सांगण्यानुसार बर्फासारखी पांढरी ती मुलगीच रक्त पिणारी आहे, राणी राज्याला वाचवू पाहत होती, आणि आता तिलाच मृत्यूची शिक्षा झाली आहे. कथा अतिशय भयंकर आहे आणि केवळ मोठ्यांनीच वाचावी अशी आहे. कोण खरे बोलते हे आपण छातीठोक सांगू शकत नाही. पण वाचून झाल्यावर एवढे नक्की कळते, की जुन्या गोष्टीत राणीला तिची बाजू मांडायला कुणी सांगितलेच नव्हते.

आपल्या मातीतल्या दोन कथा

हे सारे युरोपातले झाले. आपल्या भाषांतही हे काम झाले आहे, आणि आम्हाला वाटते त्याहून सखोल झाले आहे.

राजस्थानच्या बोरुंदा गावातले विजयदान देथा यांनी गावकऱ्यांच्या तोंडून लोककथा ऐकल्या आणि राजस्थानीत नव्याने लिहिल्या. त्यांची 'दुविधा' अनेकांना सिनेमातून ठाऊक असेल. मणि कौल यांनी १९७३ मध्ये आणि आपल्या अमोल पालेकरांनी २००५ मध्ये 'पहेली' या नावाने तिच्यावर चित्रपट काढला. वऱ्हाड परतताना झाडावरच्या एका भुताचे नव्या नवरीवर मन जडते. नवरा मात्र वाटेतही हिशेबच करत असतो, आणि मुहूर्त आला म्हणून लग्नानंतर लगेच पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो. भूत त्याचे रूप घेऊन घरी येते, पण नवरीला खरे काय ते सांगून टाकते. जुन्या गोष्टीची गंमत एवढीच, की खरा नवरा परतल्यावर एक धनगर युक्तीने भुताला पखालीत कोंडतो. देथांनी ती गंमत ठेवली, पण आपले लक्ष नवरीकडे वळवले. नवरा, सासरा आणि धनगर, सारे पुरुष निवाडा करत असतात. तिला काय हवे आहे हे त्यांच्यातला एकही विचारत नाही. विचारले होते फक्त त्या भुताने. मग घाबरायचे कुणाला? 'पहेली'त शेवट गोड करण्यात आला, भूत नवऱ्याच्या देहात शिरून परत येते. प्रेक्षक खूश झाले, पण देथांच्या कथेतली बोच तिथे राहिली नाही.

दुसरी कथा उर्दूतली. उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यातल्या डिबाई इथे जन्मलेले आणि फाळणीनंतर लाहोरला गेलेले इंतिजार हुसैन २०१६ मध्ये वारले. दास्तान आणि लोककथा यांना त्यांनी आधुनिक उर्दू कथेत पुन्हा बसवले. त्यांची 'कायाकल्प' ही कथा मराठी वाचकांनी मिळवून वाचावी. उर्दू दास्तानीत राक्षसाला 'देव' म्हणतात, हे आधी सांगितलेले बरे. सफेद देवाच्या किल्ल्यात शहजादी कैद आहे. तिला सोडवायला शहजादा आजादबख्त येतो. दिवस मावळला की देव परत येतो आणि त्याला लगेच माणसाचा वास येतो. आपल्या मराठी गोष्टींतल्या राक्षसाला माणसाची घाण येते, तसाच. म्हणून शहजादी रोज संध्याकाळी मंत्र फुंकून शहजाद्याला माशी करते, भिंतीला चिकटवते आणि सकाळी पुन्हा माणूस करते.

इथवर ही आपल्या दादीचीच गोष्ट. दादीच्या गोष्टीत शहजादा पुढे पोपट शोधतो आणि देवाला मारतो. हुसैन यांच्या कथेत तसे घडत नाही. दिवस जातात. शहजादा रोज रात्री माशी होतो, आणि हळूहळू दिवसाही त्याला आपण माणूस आहोत की माशी हे उमगेनासे होते. एका संध्याकाळी शहजादी मंत्र न फुंकता त्याला तळघरात लपवते. त्या रात्री देव येतो, पण त्याला माणसाचा वास येतच नाही. सकाळी ती तळघर उघडते तेव्हा तिथे शहजादा नसतो, एक मोठी माशी असते.

देवाने त्याला हातही लावला नव्हता. जीव वाचवायला रोज थोडे लहान होण्याची सवयच त्याला खाऊन गेली. ज्या घरांत, ज्या वस्त्यांत माणसे रोज संध्याकाळी आपली जीभ, आपले नाव, आपले म्हणणे गिळून भिंतीला चिकटून बसतात, त्यांना या कथेचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. इथे राक्षसाचा पत्ता आणखी जवळ आला आहे. तो आपल्या भीतीत राहतो.

मग घरात काय करावे?

आता मातांच्या प्रश्नाकडे वळू. भीतिदायक गोष्टी मुलांना सांगाव्यात का? आमचे उत्तर असे, की सांगाव्यात, पण वय पाहून आणि जवळ बसून. मूल कुशीत असताना ऐकलेली भीती त्याला झेपते. मोबाइलवर एकट्याने पाहिलेली तीच भीती झेपत नाही. गोष्टीतला वाघ, भूक आणि फसवणूक पुसून टाकली तर मूल सुरक्षित होत नाही. बाहेर ते भेटले तर ओळखायचे कसे, हे शिकायचे मात्र राहून जाते.

गोष्ट संपल्यावर तात्पर्य सांगायची घाई करू नये. त्याऐवजी मुलांना दोन-तीन प्रश्न विचारावेत. यात वाईट कोण, आणि तसे कोण म्हणते? कुणाला बोलायलाच मिळाले नाही? तीच गोष्ट सावत्र आईने, राक्षसाने किंवा कोंडलेल्या शहजादीने सांगितली तर कशी होईल? आम्ही सातवी-आठवीच्या मुलांना हे लिहायला देतो. एरवी निबंधाला चार ओळी न लिहिणारी मुले दोन पाने भरून आणतात. आणि सांगताना राक्षसाला कुठलीही जात, रंग, टोपी किंवा टिळा लावू नये. त्याचे काम वाईट आहे एवढे पुरे.

मोठ्यांसाठी आणखी एक सांगणे. या नव्या कथा आपणही वाचाव्यात आणि त्यातली शहजादी किंवा नवरी आपल्या घरात कुठे बसली आहे ते पाहावे. सासरी गेलेल्या लेकीचा फोन आला, ती सगळे छान आहे म्हणाली आणि बोलताना तिचा कंठ दाटून आला, तर तिला उपदेश करण्याआधी गाडीचे वेळापत्रक पाहावे.